वर्क ऑर्डर कुणाच्या सांगण्यावरून निघते?

मागच्या अंकात मी उत्पादन नियोजनावर लिहिलं होतं. कारखान्यात वर्क ऑर्डर, म्हणजे अमुक माल बनवायला घ्या हा हुकूम, कुणाच्या सांगण्यावरून निघते, यावर गोदामात काय साठणार आणि ग्राहकाला कशाची वाट पाहावी लागणार हे ठरतं, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच होता: आमची कंपनी वरून येणारा प्लॅन सोडून मागणीप्रमाणे काम करायला निघाली आहे, आता आम्ही नेमकं काय करायचं? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते.

प्रश्न: आमच्याकडे महिनाअखेर मुख्यालयातून पुढच्या महिन्याचा प्लॅन येतो. महिना संपताना गोदाम भरलेलं असतं, तरी ग्राहकाला हवं ते मॉडेल त्यात नसतं. आता वरिष्ठांनी जाहीर केलंय की आपण पुल (म्हणजे खेचण्याच्या) सिस्टिमवर जाणार, मागणी येईल तसा माल बनवणार. मी नियोजन खात्यात आहे. मग प्लॅनिंग बंद का? ऑर्डर आल्याशिवाय मशीन चालवायचंच नाही का? — एक नियोजन अधिकारी

उत्तर: प्लॅनिंग बंद होत नाही, पण तुमच्या टेबलावरचं निम्मं काम बदलतं. आजवर तुम्ही दोन वेगळी कामं एकाच कागदावर करत आलात. येत्या काळात साधारण काय आणि किती लागेल याचा अंदाज बांधून माणसं, मशीन, पाळ्या, कच्चा माल यांची तयारी ठेवणं, हे पहिलं. अमुक दिवशी अमुक मशीनवर अमुक नग सुरू करा असा हुकूम काढणं, हे दुसरं. पहिलं काम तुमच्याकडेच राहतं. हुकूम काढण्याचा हक्क मात्र तुमच्या हातून निघून ज्याने माल वापरला त्याच्याकडे जातो.

टोयोटात अभियंते तायइची ओहनो यांनी ही पद्धत मशीन शॉपमध्ये १९५३ साली लागू केली. प्रेरणा अमेरिकेतल्या सुपरमार्केटची होती. तिथे गिऱ्हाईक फळीवरून वस्तू उचलतं आणि जेवढी उचलली गेली तेवढीच मागून भरली जाते. ओहनोंनी पुढच्या विभागाला गिऱ्हाईक केलं. त्याने मागच्या विभागात जाऊन लागतील तेवढेच भाग आणायचे, डब्याबरोबरचं कार्ड तिथे सोडायचं, आणि कार्ड हातात आल्याशिवाय मागच्याने एकही नग बनवायचा नाही. ते कार्ड म्हणजे कान्बान. ही पद्धत सगळ्या कंपनीत पोचायला १९६० नंतरची वर्षं उजाडली, आणि पुरवठादारांपर्यंत जायला आणखी वेळ लागला. 'या आर्थिक वर्षात पुल पूर्ण करू' असं कुणी म्हणालं की मी त्यांना हा कालावधी सांगते. घाबरवण्यासाठी नव्हे, तर सहा महिन्यांत निकाल दिसला नाही म्हणून त्यांनी सगळं गुंडाळून ठेवू नये म्हणून.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऑर्डर आल्यावरच बनवणं म्हणजे पुल, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने बरंच नुकसान होतं. वॉलेस हॉप आणि मार्क स्पिअरमन या अभ्यासकांनी यातला फरक नेमका दाखवला आहे. त्यांच्या मते, कारखान्यात एका वेळी किती काम चालू राहील यावर आधीच मर्यादा घातलेली असते ती पुल पद्धत. ऑर्डर खऱ्या ग्राहकाची असली, पण फ्लोअरवर आधीच दोन महिन्यांचं काम अडकलेलं असताना तुम्ही नवी वर्क ऑर्डर आत ढकलत असाल, तर ते ढकलणंच झालं. उलट फळीवर चार डबे तयार ठेवले आणि एक उचलला गेला की एकच भरला, तर ग्राहकाची ऑर्डर समोर नसतानाही तो पुल आहे. १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी घडवलेली एमआरपी (लागणाऱ्या मालाचं संगणकी नियोजन) पद्धत देय तारखेवरून मागे हिशोब करत ऑर्डर काढते. फ्लोअरवर गर्दी आहे का, हे ती मुळात विचारत नाही. आजच्या ईआरपीच्या, म्हणजे सगळ्या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात बहुतेक ठिकाणी तोच हिशोब बसलेला आहे.

कार्डं किती ठेवायची, हे ठरवणं मात्र तुमचंच काम. दिवसाला २०० नग लागतात, भरून यायला २ दिवस लागतात, डब्यात ५० नग मावतात आणि चढउतारासाठी तुम्ही पाव भाग जादा धरता, असं समजा. २०० गुणिले २ म्हणजे ४००, त्यात १०० जादा, एकूण ५००. भागिले ५०, म्हणजे १० कार्डं. ती छापायची आणि अकरावं छापायचं नाही. फ्लोअरवर ५०० च्या वर नग जमूच शकत नाहीत, कुणी कितीही जोर लावला तरी. हा आकडा वाढवणं-घटवणं, मोठ्या मागणीसाठी आधी क्षमता उभी करणं आणि आठवड्याचं काम दिवसांवर सारखं पसरवणं, हे तुमचं नवं रोजचं काम.

मी पंपांच्या कारखान्यात नियोजन पाहत होते. फाउंड्रीला, म्हणजे ओतकाम विभागाला, पॅटर्न (साच्याचा नमुना) बदलायला वेळ लागे, म्हणून एका मापाच्या केसिंगचा (पंपाच्या बाहेरच्या कवचाचा) मोठा लॉट ओतून टाकत. मशीन शॉपमध्ये त्या मापाचा डोंगर, आणि असेंब्ली दुसऱ्याच मापासाठी खोळंबलेली. आम्ही जमिनीवर पिवळे चौकोन रंगवले. प्रत्येक मापाला ठरावीक चौकोन. सगळे भरले की त्या मापाचं ओतकाम थांबवायचं. कागदावर हे सोपं होतं, प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात चौकोनांच्या बाहेर केसिंग रचलेली दिसू लागली. कारण शोधलं तेव्हा कळलं की फाउंड्रीचं महिन्याचं मोजमाप टनांत होत होतं. टन भरायचे तर मोठी, जड केसिंग ओतणं शहाणपणाचं. तिथला फोरमन हट्टी नव्हता. त्याला ज्यावर जोखलं जाई तेच तो प्रामाणिकपणे करत होता. टनांचं मोजमाप काढून एखादं माप संपल्यामुळे असेंब्ली कितीदा थांबली ते मोजायला लागलो, तेव्हा चौकोन पाळले जाऊ लागले. त्यासोबत पॅटर्न बदलण्याचा वेळ कमी करण्यावर सगळा भर दिला. हे टाळता येत नाही. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये हजार टनी प्रेसचा डाय (साचा) बदलण्याचा वेळ आधी चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला, तो हौसेखातर नव्हता. बदलायला चार तास लागत असतील तर कुणीही मोठाच लॉट काढेल, आणि मोठा लॉट काढणाऱ्याला कार्ड कधीच पटणार नाही.

मुख्यालय यातून वगळायचं का? मुळीच नाही. १९२४ मध्ये जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन डीलरांना भेटत फिरत होते. सेंट लुइस, कॅन्सस सिटी, लॉस एंजेलिस, जिथे जावं तिथे न विकलेल्या गाड्या उभ्या. कारखाने मात्र अंदाजाच्या तक्त्याप्रमाणे चालूच होते. स्लोन यांनी उत्पादन कापलं आणि त्यानंतर डीलरांकडून दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष विक्रीचा अहवाल मागवून त्यावर उत्पादन बेतायला सुरुवात केली. निर्णय वरच राहिला, पण त्याचा आधार अंदाजाऐवजी विक्री झाली. तुमच्या कंपनीला कार्डं लगेच झेपणार नसतील, तर एवढं एक पाऊलही मोठं आहे. महिन्याचा प्लॅन आठवड्याचा करा, आणि डिस्पॅचच्या आकड्याऐवजी ग्राहकाच्या हातात गेलेल्या मालाच्या आकड्यावर बेता.

प्रश्न: आम्ही एका मोठ्या कंपनीचे छोटे पुरवठादार आहोत. त्यांनी 'जस्ट इन टाइम', म्हणजे लागेल तेव्हाच माल मागवणं, सुरू केलं आणि स्वतःचं गोदाम रिकामं केलं. तोच स्टॉक आता आमच्या शेडमध्ये आहे, आमच्या पैशांनी. रोज सकाळी फोन येतो, आज ३०० पाठवा. उद्या शून्य. परवा ९००. याला मागणीनुसार काम म्हणायचं का? — एक लघुउद्योजक

उत्तर: नाही. तुमच्यावर जे लादलं आहे त्याला मी पुल म्हणणार नाही, आणि त्याला ते नाव देणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले आहे. पुलमध्ये साखळीतला एकूण साठा घटतो. तुमच्याकडे तो फक्त एका पत्र्याखालून दुसऱ्या पत्र्याखाली गेला.

३००, शून्य, ९०० हा आकडा कुठून येतो, ते आधी पाहा. तुमच्या ग्राहकाचा ग्राहक असा उड्या मारत वापरतो का? बहुधा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच दाखवून दिलं होतं की दुकानातल्या विक्रीतला लहानसा बदल घाऊक विक्रेता, वितरक असं करत कारखान्यापर्यंत येईतो प्रचंड मोठा होतो, कारण प्रत्येक जण थोडं जादा धरून आणि उशिरा कळलेल्या माहितीवर ऑर्डर देतो. यावरूनच तिथे एक खेळ तयार झाला. चार जणांनी साखळीतल्या चार जागा घ्यायच्या, एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पाठवायच्या. ग्राहकाची मागणी एकदाच वाढते आणि मग स्थिर राहते. तरीही शेवटच्या माणसाकडे आधी तुटवडा आणि मग मालाचा पूर येतो. खेळणारे दरवेळी आधीच्या खेळाडूला दोष देतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरबाबत हेच दिसलं. बाळं रोज साधारण तितकेच डायपर वापरतात, पण कंपनीकडून कच्च्या मालाच्या पुरवठादारांकडे जाणाऱ्या ऑर्डरी जोरात वरखाली होत होत्या.

हाऊ ली हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणं मांडली. प्रत्येक पायरीवर नव्याने अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, सवलतींमुळे एकदम खरेदी होणं, आणि तुटवड्याच्या भीतीने फुगवून मागणं. शेवटचं कारण सर्वांत घातक, कारण ती मागणी खोटी असते. २००१ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोला सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा हिशोबातून काढून टाकावा लागला. तेजीत माल मिळत नव्हता तेव्हा ग्राहकांनी एकाच गरजेसाठी जास्तीच्या ऑर्डरी नोंदवल्या होत्या, मंदी येताच त्या विरून गेल्या. फोनवर ऐकू येणारी मागणी आणि फळीवरून उचलला गेलेला माल, यांपैकी दुसऱ्यावरच विश्वास ठेवा.

तुम्ही ग्राहकाकडे काय मागावं? दर कमी होईल या भीतीने गप्प बसू नका, कारण तुमच्या मागण्या त्यांच्याही फायद्याच्या आहेत. त्यांच्या लाइनवर रोज प्रत्यक्ष किती वापर झाला तो आकडा मागा, त्यांच्या खरेदी खात्याची ऑर्डर नव्हे. पुढच्या काही दिवसांच्या आकड्यात ठरावीक टक्क्यांहून जास्त बदल होणार नाही असं लेखी घ्या. आणि उचल रोज सारखी पसरवायला सांगा. टोयोटा आधी स्वतःच्या जुळणीचा क्रम सपाट करते, मगच पुरवठादाराकडे कार्ड पाठवते. मोटारींच्या मॉडेलांचं मिश्रण दिवसभर सारखं ठेवलं नाही, तर एखादा भाग सकाळी हजार आणि दुपारी शून्य लागेल, आणि सगळी पद्धत पुरवठादाराच्या शेडमध्ये कोसळेल. सपाटीकरण न करता कार्ड पाठवणारा ग्राहक स्वतःची अव्यवस्था तुमच्याकडे रवाना करत असतो.

हे सगळं बोलायला त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यापेक्षा लाइनच्या सुपरवायझरला गाठा. त्याला तुमच्या मालाची गरज रोज भासते आणि खरा वापर त्यालाच ठाऊक असतो.

प्रश्न: कारखान्यात डबे आणि कार्डं दिसतात. पैशाचं काय? आमचं वार्षिक बजेट म्हणजे केंद्रीय नियोजनाचं टोक आहे. वर्षाच्या सुरुवातीला मिळालेला निधी मार्चपर्यंत संपवला नाही तर पुढच्या वर्षी कापला जातो. यात मागणीनुसार काही करता येतं का? — वित्त विभागातील वाचक

उत्तर: येतं, आणि याचं जुनं उदाहरण स्वीडनचं आहे. यान वालांडर १९७० मध्ये अडचणीत सापडलेल्या स्वेन्स्का हॅन्डेल्सबांकेन या बँकेचे प्रमुख झाले आणि त्यांनी वार्षिक बजेटच मोडीत काढलं. कर्जाचे बहुतेक निर्णय शाखेकडे गेले, कारण कर्जदाराला ओळखणारा माणूस तिथे बसतो. बँकेचं ध्येय आकड्यात न ठेवता तुलनेत ठेवलं: भागभांडवलावरचा परतावा स्पर्धक बँकांच्या सरासरीहून जास्त हवा. शाखांचीही आपसात तुलना होऊ लागली. ध्येय पार झालं तर नफ्यातला वाटा १९७३ पासून कर्मचाऱ्यांच्या निधीत जाऊ लागला, आणि तो पदानुसार कमीजास्त नसे.

यातली कळीची गोष्ट अशी की शाखेला खर्चाची मुभा मिळाली तेव्हाच त्या खर्चाचा परिणामही तिच्याच हिशोबात दिसू लागला. मुभा देऊन परिणाम मुख्यालयाच्या खात्यात टाकला असता, तर बजेट मोडण्याने फक्त उधळपट्टी झाली असती. तुमच्याकडे एकदम बजेट रद्द होणार नाही. निधीचा काही भाग वर्षाच्या सुरुवातीला न वाटता राखून ठेवा, आणि गरज घेऊन येणाऱ्या विभागाला आठवडाभरात हो किंवा नाही कळेल अशी सोय करा. मार्चमधली घाई कशाने होते? आज सोडलेला पैसा उद्या परत मिळणार नाही, या खात्रीने. मागितला की मिळतो असा अनुभव लोकांना दोन-तीनदा आला की साठवून ठेवण्याची गरज सरते.

प्रश्न: मी सॉफ्टवेअर टीम सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येकाचं 'युटिलायझेशन', म्हणजे कोण किती वेळ व्यस्त आहे ते, पाहिलं जातं. कुणी रिकामा दिसला की त्याला नवं काम दिलं जातं. सगळे सतत व्यस्त, पण एकही काम वेळेत पुरं होत नाही. — एक टीम लीड

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: रिकामेपण दिसलं की काम ढकललं जातं. दोन साधे हिशोब तुमच्या वरिष्ठांपुढे ठेवा.

पहिला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. हातातली कामं म्हणजे दर आठवड्याला पुरी होणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे आठवडे. तुमच्याकडे ६० कामं चालू आहेत आणि आठवड्याला १० पुरी होतात, तर आज घेतलेलं काम सरासरी ६ आठवड्यांनीच बाहेर पडेल. लोकांना घाई करून हे बदलत नाही. चालू कामं ३० वर आणा आणि पुरं होण्याचा वेग तोच राहिला, तर सरासरी ३ आठवड्यांवर येते.

दुसरा हिशोब रांगेचा. कामं अनियमित येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही अनियमित असतो, अशा ठिकाणी एकच माणूस काम करत असेल, तर तो ८० टक्के व्यस्त असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांतून मिळणारी 'काटकसर' ग्राहकाच्या रांगेत दुप्पट होऊन उभी राहते. रिकामा वेळ काढून टाकायचा आणि तरीही मागणी येताच हजर व्हायचं, हे दोन्ही एकाच संस्थेला जमत नाही. मागणीप्रमाणे साधनं उभी करायची तर काही साधनं मोकळी असावीच लागतात.

तेव्हा चालू कामांवर मर्यादा घाला. मर्यादा भरली असताना कुणी मोकळा झाला तर त्याने नवं काम न उचलता अडकलेल्या कामाला हात लावावा. मला यातला सगळ्यात अवघड भाग माहीत आहे: मोकळा माणूस पाहून शांत राहणं वरिष्ठांना जमत नाही. त्यांना माणसांऐवजी कामं किती दिवस पडून आहेत त्याचा तक्ता दाखवत राहा. आम्ही कारखान्यात बंद मशीनवर हिरवी पाटी लावायचो, 'चौकोन भरले आहेत'. मशीन का उभं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारावं लागत नसे.

प्रश्न: तुम्ही कमी साठ्याचं एवढं कौतुक करता. पण २०२० नंतर चिपअभावी जगभरातले मोटार कारखाने बंद पडले. संकटात साठाच कामाला येतो, हे सिद्ध झालं नाही का? — एक निवृत्त अभियंता

उत्तर: तुमची शंका रास्त आहे आणि ती मला फार मोलाची वाटते, कारण जस्ट इन टाइमची नक्कल करणाऱ्यांनी हीच बाजू सोडून दिली. पण मला आधी १९९७ कडे जावं लागेल.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे आयसिन सेइकी या कंपनीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांसाठी ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह बनत असे. भाग लहान, पण त्याच्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. साठा होता काही तासांचा. तीन-चार दिवसांत टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. तुमचा मुद्दा इथपर्यंत पूर्ण खरा आहे.

पुढे जे झालं ते जास्त शिकण्यासारखं आहे. आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग्ज मागेल त्याला दिली. सुमारे दोनशे कंपन्या या कामात उतरल्या. अनेकांनी असा व्हॉल्व्ह कधी बनवला नव्हता. शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीही त्यांत होती. प्रत्येकाने हाताशी असलेल्या मशीनवर आपापली रीत बसवली, कारण आयसिनची खास यंत्रं जळाली होती. दर, करार, भरपाई यांची बोलणी आधी कुणी केली नाहीत. हे सगळं चालवणारं एकच नियंत्रण केंद्रही नव्हतं. आठवडाभरात टोयोटाचं उत्पादन जवळपास पूर्ववत झालं. मागणी दिसताच साधनं अशी गोळा होतात, ती वर्षानुवर्षांच्या सहवासामुळे. पुरवठादारांचे अभियंते एकमेकांच्या कारखान्यांत जात होते, अडचणी एकत्र सोडवत होते. दर वर्षी टेंडर काढून पुरवठादार बदलणाऱ्या कंपनीसाठी आग लागल्यावर कोण आपली मशीन मोकळी करेल?

आता चिप. २०२० च्या वसंतात मोटार कंपन्यांनी मागणी घसरेल या अंदाजाने चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. ती क्षमता घरगुती इलेक्ट्रॉनिक्सकडे गेली. गाड्यांची मागणी परतली तेव्हा रांगेत जागा नव्हती, आणि चिप बनायला काही महिने लागतात. टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर पुरवठा साखळीतले खालच्या थरांपर्यंतचे धोके तपासले होते आणि ज्या भागांना पर्याय नाही, जे भरून यायला वेळ लागतो, त्यांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राखायला लावला होता. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला ती इतरांहून बरी तगली. पण तुटवडा लांबला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही जागतिक उत्पादनाचा आराखडा ४० टक्क्यांनी कापावा लागला.

म्हणून साठा हवा की नको, या वादात मी पडत नाही. वरचा कार्डांचा हिशोब पुन्हा पाहा: भरून यायला २ दिवस लागले तर १० कार्डं, १०० दिवस लागले तर ५००. सूत्र तेच, त्यात खरा वेळ घालायचा. ज्या कंपन्यांनी चिपसाठीही नट-बोल्टचाच वेळ धरला त्या अडकल्या.

प्रश्न: सुरुवात कोणत्या मालापासून करावी? सगळंच पुलवर नेता येतं का? — अनेक वाचक

उत्तर: सगळं नेता येत नाही. क्वचित लागणारे सुटे भाग, एकदाच होणारे प्रकल्प, हंगामापुरती उसळणारी मागणी, यांना अंदाज लागतोच. पण अंदाज कुठपर्यंत चालवायचा ती रेघ हलवता येते. कपडे बनवणाऱ्या बेनेटनने स्वेटर न रंगवता विणून ठेवले आणि कोणता रंग विकतो ते पाहून मग रंगवले. ह्यूलेट-पॅकार्डने डेस्कजेट प्रिंटर सगळ्या देशांसाठी एकसारखा बनवून विजेची जोडणी आणि माहितीपुस्तिका वितरण केंद्रात घालायला सुरुवात केली. आम्ही पंपाचे शाफ्ट तीन मापांचे सामाईक केले आणि रंग, नेमप्लेट, मोटर डिस्पॅचच्या दिवशी बसवू लागलो. अंदाज कच्च्या रूपाचा करावा. तो बऱ्यापैकी जमतो. पक्क्या रूपाचा वापरावर सोडावा.

सुरुवातीला रोज लागणारा, वापर फारसा न हलणारा, तुमच्याच दोन शेजारच्या विभागांत फिरणारा एकच भाग घ्या. बाहेरच्या पुरवठादाराला इतक्यात हात लावू नका. त्या भागाचा दिवसाचा वापर आणि भरून यायला प्रत्यक्ष लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. ईआरपीत भरलेला वेळ घेऊ नका, तो बहुतेक वेळा कुणीतरी सोयीने टाकलेला असतो. हे दोन आकडे आणि डब्याची क्षमता मला कळवलीत, तर पुढच्या अंकात तुमची कार्डं आपण मिळून मोजू.